मफलरही घेऊन जा

चष्मेवाल्यांना रागीट म्हणणं अन्यायाचं होईल. ते रागीट नव्हते, काटेकोर होते. फक्त समोरच्याला त्यातला फरक कळायचा नाही. दुकानात एखाद्याने काच बोटाने पुसली की ते असे दचकायचे, जणू कुणी त्यांच्याच बुबुळावरून बोट फिरवलंय. मोडका चष्मा तळहाताखाली लपवत कुणी म्हणालं, "आपोआप मोडला हो," की ते थंडपणे विचारायचे, "आपोआप म्हणजे? तेव्हा तुम्ही घरात नव्हता का?" गिऱ्हाईक ओशाळायचं. मग काउंटरमागून त्यांची बायको पुढे यायची, दोन गोड शब्द बोलायची आणि गिऱ्हाईक टिकायचं. दुकान असं दोघांच्या जिवावर चाललं होतं.

बुधवारी सकाळी, बाजारातली दुकानं उघडायच्या आधी, चर्चमध्ये छोटी उपासना असायची. छोटी हे नुसतं म्हणायला. पाळकसाहेब एकदा बोलायला उभे राहिले की मंडळी मनातल्या मनात दिवसभराचा स्वयंपाक उरकून भांडीसुद्धा घासून ठेवत. पण चष्मेवाल्यांनी कधी बुधवार चुकवला नाही. पुढून दुसऱ्या बाकावर ते ताठ बसायचे आणि प्रत्येक उपदेश मन लावून ऐकायचे. उपदेश ऐकताना त्यांना नेहमी दुसऱ्यांची आठवण यायची. क्षमेवर प्रवचन असलं की चपलांच्या दुकानदाराची, नम्रतेवर असलं की मेहुण्याची. 'हे त्याने ऐकायला हवं होतं,' असं पुटपुटत ते मान डोलवायचे, आणि शेजारी बसलेली बायको छताकडे बघत राहायची.

त्या बुधवारी त्यांनी नवा कोट घातला होता. राखाडी, लोकरी, आतून रेशमी अस्तर. शिंप्याला त्यांनी इतक्या वेळा बाही उसवायला लावली होती की त्यांना लांबून येताना पाहिलं तरी तो दुकानाचा पडदा ओढून घ्यायचा. पण कोट झाला होता असा, की घातल्यावर माणसाला आपोआप मान वर करून चालावंसं वाटावं. चर्चच्या दारातल्या बोळात खुंट्या होत्या. तिथे खिडक्यांना हिरवा रंग देण्याचं काम चालू होतं, म्हणून चष्मेवाल्यांनी रंगापासून सर्वांत लांबची खुंटी शोधली, कोट टांगला, त्यावर मफलर टांगला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि मग देवाकडे वळले.

पाळकसाहेब उभे राहिले तेव्हा त्यांचा डावा गाल पाव ठेवल्यासारखा सुजला होता. दाढ ठणकत होती.

"आज एकच गोष्ट," ते गाल धरून म्हणाले. "कुणी तुमचा सदरा नेला, तर त्याला कोटही द्या. प्रभूचं हे सांगणं ऐकायला गोड आणि करायला महाकठीण. आपण आजवर ते नुसतं ऐकलं. करून बघा. आमेन."

आणि ते बसले.

मंडळी थक्क. कुणाचा तर अजून भातही चढला नव्हता. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी घाईघाईने पायात बूट चढवले आणि शेवटचं गीत अर्ध्यातून सुरू केलं. चष्मेवाल्यांना मात्र प्रवचन फार आवडलं. 'चपलावाल्याने हे ऐकायला हवं होतं,' ते मनाशी म्हणाले, आणि गीत संपायच्या आत, गर्दी व्हायच्या आधी कोट घ्यावा म्हणून बाहेर पडले.

खुंटीवर मफलर होता. कोट नव्हता.

त्यांनी शेजारची खुंटी पाहिली. खाली पाहिलं. मग उघड्या दारातून त्यांना फाटकाकडे जाणारा आपला कोट दिसला. त्या कोटाची शिवण ते हजारात ओळखू शकले असते. कोट भराभर चालला होता आणि त्याच्या आत कुणीतरी माणूस होता.

चष्मेवाल्यांच्या डोक्यात रक्त चढलं. मफलर हिसकून घेत ते पायऱ्या उतरले आणि सुटले. कोटाने फाटक ओलांडून धूम ठोकली होती, चष्मेवाल्यांनीही ठोकली. 'चोर' हा शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर आला, आणि नेमका तेव्हाच मागून पाळकसाहेबांचा आवाज गरजला. दाताच्या डॉक्टरकडे जायच्या घाईत तेही लवकर बाहेर आले होते.

"मंडळी! मंडळी, इकडे या, बघा! यांचा कोट कुणी नेला, आणि हे त्याला मफलर द्यायला धावताहेत! याला म्हणतात ऐकणं! याला म्हणतात विश्वास!"

चष्मेवाल्यांनी हे स्वच्छ ऐकलं. थांबून, मागे वळून, 'छे हो, मी त्याची गचांडी धरायला निघालोय,' असं सांगता आलं असतं. पण पळणाऱ्या माणसाला खुलासा करता येत नाही. थांबावं तर कोट गेला, आणि पळावं तर आपण संत ठरतो! ते पळत राहिले. मागे चर्चचं दार धाडकन उघडलं आणि पुष्कळ पावलांचा आवाज आला. असा उपदेश अमलात येताना बघायची संधी कोण सोडणार? सगळेच निघाले. पुढे गाल धरलेले पाळकसाहेब, त्यांच्या मागे गायकमंडळातल्या मावशी, ज्यांनी धावतानाही गीत सोडलं नव्हतं, आणि सगळ्यांत मागे दोन्ही हातांत चपला घेतलेली चष्मेवाल्यांची बायको.

बेकरीच्या कोपऱ्यावर पावांचे ट्रे उतरवत होते. कोट त्यांच्यामधून सुळकन निघून गेला. चष्मेवाले "माफ करा, माफ करा," म्हणत गेले. मंडळी गीत म्हणत गेली. बेकरीवाला ट्रे डोक्यावर धरून बघतच राहिला.

चौकात वाहतूक सांभाळणाऱ्या पोलीसबाईंनी हात आडवा केला. "काय झालं? कुणाच्या मागे लागलात?"

"तो… माझा…" चष्मेवाल्यांना धाप लागली होती. शब्द पुन्हा तोंडात आला. चो.

"ते त्याला मफलर देणार आहेत!" मागून पाळकसाहेब ओरडले.

पोलीसबाईंनी चष्मेवाल्यांच्या मुठीत पिळवटलेल्या मफलराकडे पाहिलं. "मफलर?"

"हो," चष्मेवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "थंडी आहे ना."

पोलीसबाईंनी शिट्टी वाजवून गाड्या थांबवल्या आणि सगळ्यांना रस्ता करून दिला. कोट समोरच्या नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या चढत होता, एकेका ढांगेत दोन दोन. चष्मेवालेही चढले. अर्ध्या जिन्यात त्यांच्या पोटात कसलीशी कळ आली. त्यांना वाटलं, पळून पळून बरगडीत भरलं. पण ती कळ वर वर सरकत गळ्यापर्यंत आली आणि तोंडातून 'फिस्' असा आवाज निघाला. कित्येक वर्षांत असा आवाज त्यांनी काढला नव्हता. ते हसले होते. घाबरून त्यांनी मफलर तोंडाला लावला.

वरच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडे नोंदणी करणाऱ्या बाई, अलीकडे धापा टाकणारा तरुण, अंगात राखाडी कोट. आणि त्याच्या शेजारी केसांत पांढरं फूल खोचलेली, ठसठशीत बांध्याची एक मुलगी. ती बस कंडक्टर होती, हे सांगायची गरज पडली नाही. खोलीत मंडळी घुसल्याबरोबर ती वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दारात उभं राहू नका. पुढे सरका, मधे जागा आहे. मावशी, तुम्ही खिडकीपाशी."

सगळे निमूट पुढे सरकले. पाळकसाहेबसुद्धा.

"ही सगळी माणसं कुणाची?" नोंदणीबाईंनी विचारलं.

"आमची नाहीत," तरुण म्हणाला. त्याने मंडळीकडे पाहिलं, पण ओळखलं कुणालाच नाही. चर्चमध्ये त्याने त्यांना फक्त पाठमोरं पाहिलं होतं, आणि पाळकसाहेबांचा अर्धा चेहरा हाताखाली झाकलेला होता.

"साक्षीदार तीन लागतात. ही नवरीची मामी, हे त्यांच्या बसचे ड्रायव्हर. तिसरा?"

तिसरा म्हणजे तरुणाचा मित्र, तो आलाच नव्हता. नोंदणीबाईंनी सुस्कारा टाकला. "मग पुढची तारीख घ्या," म्हणत त्यांनी वैतागून चष्मा काढला. चष्म्याची काडी सुटून टेबलावर पडली. "घ्या! आता तर तारीखही देता येणार नाही. मला दिसतच नाही." आणि त्या काडी तशीच दाबून बसवू लागल्या.

चष्मेवाल्यांना राहवलं नाही. खुनी हल्ला ते एक वेळ उघड्या डोळ्यांनी बघू शकले असते, पण हे नाही.

"दाबू नका! बिजागरी जाईल!" गर्दी बाजूला सारत ते टेबलापाशी पोचले. "स्क्रू टेबलावरच असणार. कुणी फुंकर मारू नका, कुणी शिंकू नका. हा बघा, सापडला." चष्मा हातात आला आणि ते सगळं जग विसरले. दुकानात बायकोपुढे करायचे तसा त्यांनी न बघताच बाजूला हात केला. "छोटा स्क्रूड्रायव्हर. उजवीकडचा आतला खिसा."

शेजारी तरुण उभा होता. सांगितल्याबरहुकूम त्याने उजवीकडच्या आतल्या खिशात हात घातला. आतून छोटा स्क्रूड्रायव्हर निघाला. तो त्याने चष्मेवाल्यांच्या हातावर ठेवला, आणि मग त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

चष्मेवाले काडी बसवत होते.

"अरे," मुलगी हळू म्हणाली. हळू म्हणजे तिच्या मानाने. "कोट मित्राचा आहे म्हणालास ना? मग खिशात काय आहे ते या काकांना कसं ठाऊक?"

तरुणाच्या तोंडून एकदम सगळंच निघालं. तो रंगारी होता. चर्चच्या खिडक्या तोच रंगवत होता. लग्नाला जायचं म्हणून एकमेव चांगला शर्ट घालून आला होता; म्हटलं, तेवढ्यात एक चौकट उरकून घेऊ, तर वरून डबाच कलंडला. खुंटीवर कोट दिसला. "आणायचा होता परत! देवाशपथ… म्हणजे शपथ नको, पण आणणारच होतो! सगळे आत बसले होते. दर बुधवारी काम करताना ऐकतो ना मी. पाळकसाहेब बोलायला लागले की तेवढ्यात माणसाचं लग्न होऊन, सासरी जाऊन, तो परत येईल. आज हे असे एका वाक्यात बसतील, हे मला काय माहीत?"

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा गालही डाव्याइतका लाल झाला. खिडकीपाशी मावशींना ठसका लागला.

मुलगी मात्र हसली नाही. "काढ तो," ती म्हणाली.

त्याने कोट काढला. आतला शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत हिरवागार होता.

"तू असा आला असतास तरी मी तुझ्याशी लग्न केलं असतं," ती म्हणाली. "बसमध्ये रोज याहून रंगीत माणसं बघते मी. पण चोरीच्या कोटातल्या माणसाशी नाही करणार." तिने कोट नीट घडी घालून चष्मेवाल्यांच्या हातावर ठेवला. "घ्या काका. चुकलं त्याचं."

झालं. ज्यासाठी जीव तोडून धावले, ते हातात आलं होतं. चष्मा दुरुस्त झाला होता, कोट मिळाला होता, उरलं होतं ते फक्त वळून निघणं. पाळकसाहेब त्यांच्याकडे आशेने बघत होते, पण चष्मेवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते रंगाऱ्याकडे बघत होते. तो पोरगा तळहाताने शर्टावरचा हिरवा डाग झाकायचा प्रयत्न करत होता. डाग त्याच्या हातापेक्षा किती मोठा. अगदी असाच हात मोडक्या फ्रेमवर ठेवून लोक दुकानात येतात. आपोआप मोडला हो, म्हणतात. आणि आपण विचारतो, आपोआप म्हणजे?

इतकी वर्षं आपण सगळ्यांना हेच विचारत आलो! चष्मेवाल्यांच्या पोटात ती मघाची कळ पुन्हा उठली, आणि आता मफलराने ती दाबली जाईना.

"हात मागे कर," ते दुकानातल्या आवाजात म्हणाले.

"काय?"

"हात मागे. कोट घालताना हात मागे करतात. अस्तर जप." त्यांनी एक बाही चढवली, दुसरी चढवली, खांदे झटकून सारखे केले, बटणं लावली. मग गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि टोकं कोटाच्या आत खोचली. पोरगा पुतळ्यासारखा उभा.

"कोट मित्राचाच आहे," चष्मेवाले मुलीला म्हणाले. "मैत्री जरा ताजी आहे, एवढंच."

मुलीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिकीट न काढणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसं. "खरं सांगताय?"

"आता खरं आहे," ते म्हणाले. "मघाशी नव्हतं."

हे ऐकल्यावर ती हसली. तिच्या आवाजासारखंच तिचं हसूही मोठं होतं. टेबलावरचे कागद हलले. ते ऐकून मामी हसल्या, ड्रायव्हर हसला. नोंदणीबाईंनी दुरुस्त चष्मा चढवला, सगळ्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तिसऱ्या साक्षीदाराची सही कोण करतंय मग?"

चष्मेवाल्यांनी सही केली. इतकी वेडीवाकडी सही त्यांनी जन्मात केली नव्हती, कारण हात हसण्याने हलत होता. लग्न लागलं. मावशींचं अर्धवट राहिलेलं गीत इथे पूर्ण झालं, आणि बाहेर रांगेत बसलेली पुढची दोन जोडपीसुद्धा सूर लावू लागली. पाळकसाहेबांनी सुजल्या गालाने आशीर्वाद दिला आणि तोही एका वाक्यातच संपवला, तेव्हा रंगाऱ्याने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा सगळे हसत सुटले.

कार्यालयाच्या बोळात सगळे चष्मेवाल्यांचे हात हातात घेऊ लागले. त्यांना ते सोसवेना.

"ऐका," ते म्हणाले. "मी मफलर द्यायला धावलो नव्हतो. मी कोट हिसकावून घ्यायला धावलो होतो. चोर म्हणून ओरडणार होतो!"

मंडळी पाळकसाहेबांकडे वळली.

"बघा," पाळकसाहेब मंडळींना म्हणाले, "किती ही नम्रता!"

"नम्रता नाही हो! मी त्याला बडवणार होतो!"

"स्वतःकडे एवढासुद्धा मोठेपणा घेत नाहीत," मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी हात टेकले. जितकं खरं सांगावं तितकं पुण्य वाढत होतं. त्यांनी बायकोचा हात धरला आणि मागच्या जिन्याने पळ काढला.

रस्त्यावर वारा बोचरा होता. चष्मेवाले नुसत्या शर्टात. बायकोने आपल्या शालीचं एक टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि दोघं एका शालीत अडखळत चालू लागली.

"अगं, तुला तरी पटतंय ना? मी खरंच कोट घ्यायलाच धावलो होतो."

"मला काय सांगता? मी मागून बघत होते ना. मफलर द्यायला निघालेला माणूस मूठ आवळून पळतो होय?"

"मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?"

"म्हटलं, बघू तरी," ती म्हणाली, "पोचेपर्यंत मूठ उघडते का."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोघांना एकदमच हसू फुटलं. ती हसता हसता बेकरीच्या भिंतीला टेकली, त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि बोटानेच काच पुसल्याचं लक्षात आल्यावर तर हसणं आवरेचना. बेकरीवाला बाहेर आला, त्यांना बघितलं आणि न विचारताच दोन गरम पाव हातावर ठेवून आत गेला.

त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. एक म्हातारे गृहस्थ मोडका चष्मा घेऊन उभे होते. "हा… आपोआप…" त्यांनी सुरुवात केली आणि सवयीने मान खाली घातली.

"हो का?" चष्मेवाले म्हणाले. "बसा. माझ्या हातूनही परवा एक असाच आपोआप मोडला." म्हातारे इतके चक्रावले की खुर्ची सोडून स्टुलावर बसले.

चष्मेवाले एका दिवसात देवदूत झाले असं कुणी समजू नये. पुढचे काही दिवस खुंटीवरची रिकामी जागा बघून त्यांना अधूनमधून कळ यायचीच, आणि ती हसण्याची नसायची. कोट दिला तर दिला, पण अस्तराची काळजी घेत असेल का तो, असं ते दोनदा झोपेत बोलले.

मग एका दुपारी दुकानासमोर, जिथे थांबा नव्हता तिथे, बस थांबली. कंडक्टरबाई खाली उतरल्या. हातावर कोट होता. अस्तरावरचा हिरवा रंग काढून, इस्त्री करून. तो हातात आल्यावर चष्मेवाल्यांना जो आनंद झाला तो काही फार आध्यात्मिक नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे तो घातला, बाह्या पाहिल्या, अस्तर पाहिलं.

"मफलर मिळणार नाही," ती म्हणाली. "तो काढतच नाही गळ्यातून. म्हणतो, कोट मी घेतला होता, मफलर मला दिला."

चष्मेवाले बटण लावता लावता थांबले. मागे बसमधून ओरडा सुरू झाला होता. "अहो बाई, निघायचं का? कामं आहेत आम्हाला!"

"ओरडू नका, यांनी माझ्या लग्नाला सही केलीय!" तिने मागे न बघता उत्तर दिलं. मग चष्मेवाल्यांना म्हणाली, "तो शेवटच्या थांब्यावर शाळेची भिंत रंगवतोय. पिवळा रंग. चला ना भेटायला. काकूंनाही घ्या. दोन सीट रिकाम्या आहेत."

"आत्ता? दुकान उघडं आहे," चष्मेवाले म्हणाले. भर दुपारी त्यांनी दुकान कधी म्हणून बंद केलं नव्हतं. बापाचं निधन झालं तेव्हाही संध्याकाळ होती.

काउंटरमागून बायको केव्हाच बाहेर आली होती. तिने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आता बंद आहे," ती म्हणाली, आणि तरण्या मुलीसारखी टुणकन बसमध्ये चढली.

"आत सरका, मधे जागा आहे!" कंडक्टरबाई गरजल्या.

चष्मेवाले कोट सावरत चढले. बस सुटली तेव्हा ते खिडकीत बसून बाहेर बघत होते. चपलांचा दुकानदार दारात उभा राहून आ वासून त्यांच्याकडे पाहत होता. चष्मेवाल्यांनी त्याला मनापासून हात हलवला.